विहिरीची वाट

बाबा, आज सकाळी अमेरिकेत, हर्नडनच्या घरात ऑफिसचा कॉल कॅन्सल करून मी तुमच्या गावाच्या सभेत बसले. तुमचं म्हणजे इंग्लंडमधलं ते एवढंसं गाव, जिथे तुम्ही डॉक्टर होतात आणि मी लहानाची मोठी झाले. विहिरीभोवतालचं शेत एका नव्या माणसाने घेतलंय आणि त्याला विहिरीकडे जाणारी वाट बंद करायची आहे. गावकरी तिकडे हॉलमध्ये, मी इकडे लॅपटॉपसमोर. मी हात वर केला तर अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही अमेरिकेत राहता. तुमचा काय संबंध?" माझे कान तापले. तावातावाने बोलायला लागले, तर शेजारून लेक म्हणते, "मॉम, यू आर ऑन म्यूट!"

मग मी त्यांना तो उन्हाळा सांगितला. दरवर्षी गाव विहीर सजवायचं. फळीवर ओली माती थापून, तिच्यात पाकळ्या दाबून लोक चित्र करायचे आणि फळी विहिरीपाशी उभी करायचे. त्या वर्षी पोस्टातल्या बाई आपल्या स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, यंदा पहिलं पाणी तुम्ही काढायचं." तुम्ही आईकडे पाहिलंत. त्यांना काय ठाऊक, की नागपूरकडच्या आपल्या गावात आजी विहिरीपासून लांब घागर घेऊन ताटकळायची, कुणी वरून ओतेल म्हणून. शेवटी आईच मराठीत म्हणाली, "अहो, नाही म्हणू नका."

त्या दिवशी विहिरीवर तुम्ही दोर धरता. बादली अर्ध्यावर येते आणि मागून एक माणूस मोठ्याने म्हणतो, "हा नको." सगळ्यांना ऐकू जातं. तुमचे हात थांबतात. मी आईचा कोट घट्ट धरलाय. मग बादली पुन्हा वर येऊ लागते. तुम्ही ओंजळीने पाणी पिता, आणि पेला भरून थेट त्या माणसापुढे धरता. तो मान फिरवतो. त्याची बायको तुमच्या हातातून पेला घेते आणि घटाघटा रिकामा करते.

एवढं सांगून मी थांबले. मग हॉलमधून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "ती बायको मी. मला अजून त्या वाटेने जायचंय." वाट उघडी राहिली, बाबा. अगदी थोड्या मतांनी वाचली.

तुम्ही नसताना हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक गोष्ट मी सभेत सांगितली नाही, तुमच्याजवळही कधी बोलले नाही. त्या दिवशी घरी आल्यावर तुम्ही बाथरूमचा नळ मोठा सोडून रडलात. मी दाराबाहेरच उभी होते.