हेस्टरच्या कंपनीची सायकल

नेबर्न, शुक्रवार

प्रिय हेस्टर,

रविवारी तू माझ्या दिवाणखान्यात ठेवून गेलेली सायकल अजून तिथेच, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी आहे. तिच्या हँडलला बांधलेली निळी फीत मी सोडलेली नाही. फीत सोडणे म्हणजे भेट स्वीकारणे, आणि ती भेट मी स्वीकारलेली नाही. सोमवारी तुझा संदेश आला. त्यात तीन प्रश्न होते आणि प्रश्नचिन्ह एकही नव्हते. परंतु तिन्ही प्रश्नांचा आशय एकच होता, तो हा की, बाबांना एवढे रागवायला काय झाले. त्याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे, म्हणून फोन न करता लिहीत आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

जेवण अर्ध्यावर आले असताना तू मोठ्या कौतुकाने म्हणालीस, “कंपनीतून घेतलीय, बाबा. करसुद्धा वाचला. शेवटी मुलगी कोणाची!” मी सुरी खाली ठेवली आणि ही सायकल हिशेबात कोणाच्या वापरासाठी दाखवली आहेस, असे विचारले. तू हसलीस. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. चाळीस वर्षे मी यॉर्कमधल्या लहान दुकानदारांचे हिशेब तपासले. एका खाटकाने लग्नाच्या वाढदिवसाची स्कॉटलंडची सहल मेंढ्यांच्या पाहणीचा खर्च म्हणून लिहिली होती, तीही मी खोडली. आणि त्याने नाताळच्या जेवणासाठी पाठवलेला हंस तुझ्या आईने रडवेल्या चेहऱ्याने परत केला. त्या माणसाच्या घरात कंपनीच्या पैशाची भेट फीत बांधून येते, आणि आणणारी त्याचीच मुलगी असते, ही गोष्ट मला सोसली नाही. माझा आवाज चढला. ॲपल पाय तसाच राहिला.

आता नियम. तो अवघड नाही आणि अन्याय्य तर मुळीच नाही. तुझ्या कंपनीने स्वतःच्या नावावर सायकल विकत घ्यावी, ती कंपनीच्याच मालकीची राहावी, ही सोय सर्व कर्मचाऱ्यांना खुली असावी, आणि सायकलीचा मुख्य उपयोग घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत जाण्यायेण्यासाठी व्हावा. एवढे पाळले, तर तिचा खर्च कंपनीच्या नफ्यातून वजा होतो आणि वापरणाऱ्यावर कराचा बोजा पडत नाही. रविवारी कोणी तिच्यावरून नदीकाठी फिरून आले, तर सरकार डोळे वटारीत नाही. विजेवर चालणारी सायकलही चालते. तेव्हा तू मोटर असलेली निवडलीस, त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो माणसाच्या निवडीला. मी तुझा कर्मचारी नाही. मालकिणीच्या वडिलांना दिलेली सायकल हा मालकिणीने स्वतःकरता घेतलेला लाभ ठरतो आणि कर तुझ्यावर बसतो. तू कर वाचवलेला नाहीस, बाळ. तू तो पुढे ढकलला आहेस.

हे सगळे मी रविवारीच शांतपणे सांगू शकलो असतो. पण तू दारात उभी राहून, कोटाची बटणे चुकीची लावत, म्हणालीस, “आई गेल्यापासून तुम्ही फाटकाबाहेर पडला नाहीत, बाबा. मोटार विकलीत, चर्च सोडलंत, दूधसुद्धा दारात मागवता. मला दुसरं काही सुचलं नाही हो.” तुझी मोटार वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी दार लावले नव्हते.

मंगळवारी मी तुझ्या दुकानातल्या बेरिलला फोन केला. सोय सर्वांना खुली हवी, हे मी वर लिहिलेच आहे. तेव्हा तुझ्याकडे खुर्च्यांना कापड चढवणारी जी एकमेव कर्मचारी आहे, तिला तू सायकल हवी का असे विचारले होतेस की नाही, हे पाहणे मला भाग होते. विचारले होतेस, असे कळले. बेरिल म्हणाली, माझे गुडघे आणि सायकल यांनी केव्हाच काडीमोड घेतला आहे, वर एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. मग तिने माझी फिरकी घेतली. सासरी चाललेल्या मुलीसारखे आढेवेढे कशाला घेता, म्हणाली. आणि फोन ठेवण्यापूर्वी तिने एक गोष्ट सांगितली, जी तू मला कधी सांगितली नाहीस. खिडकीजवळचे टेबल तू मार्चपासून रिकामे ठेवले आहेस. गिऱ्हाईक त्यावर गाद्या ठेवू लागले की तू त्या उचलतेस. “तिथं हिशेबनीस बसायचाय,” असे सांगतेस, आणि कोण ते विचारले की सुया शोधू लागतेस.

मार्चमध्ये तू मला हिशेब पाहायला बोलावले होतेस, तेव्हा बापाने लेकीच्या पगारावर राहू नये, असे मी म्हणालो होतो. वाक्य निर्दोष होते. तुझी आई ते ऐकून नुसती भुवई उंचावून स्वयंपाकघरात गेली असती, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मीच ते मागे घेतले असते.

बुधवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली. केवळ ब्रेक तपासावेत, एवढाच हेतू होता. जुन्या रेल्वेमार्गावरच्या रस्त्याने, जिथे सूर्य आणि सगळे ग्रह यांच्या प्रतिकृती ओळीने मांडल्या आहेत, तिथे शनीपर्यंत गेलो. लहानपणी प्रत्येक ग्रहाला हात लावल्याशिवाय तू पुढे येत नसस, आणि शनीच्या कड्याला लोंबकळू नकोस म्हणून तुझी आई ओरडत असे. फीत वाऱ्यावर फडफडत होती. समोरून आलेल्या एका बाईंनी माझे अभिनंदन केले. कशाबद्दल, ते मी विचारले नाही. शनीला मीही हात लावला. आणखी पुढे जावे, असे मनात फार होते, कारण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, सूर्याच्याही पलीकडे, तुझे दुकान आहे. पण हा प्रवास कामाचा नाही, हे लक्षात आले आणि मी परत फिरलो.

म्हणून हे पत्र. सायकल परत करावी, तर तुझे मन दुखावते. ठेवावी, तर नियम मोडतो. यातून एकच सरळ वाट निघते. तुझ्या कंपनीत हिशेबनीसाची जागा रिकामी असल्याचे बेरिल यांच्याकडून समजले. त्या जागेसाठी मी रीतसर अर्ज करीत आहे: मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊ ते एक. नावापुरती नोकरी मी करणार नाही. काम खरे हवे, पगार कायद्याने ठरलेला हवा, आणि चूक झाली तर मला वडील न समजता कर्मचारी समजून बोलावे. येत्या मंगळवारी मी मुलाखतीला येईन. मुलाखतीचा प्रवास सवलतीत बसतो की नाही, याबद्दल मला शंका आहे. म्हणून त्या एका दिवशी बसने येईन. तू मला पसंत केलेस, तर परत येऊन मी फीत सोडीन.

तुझाच, आणि तुझी हरकत नसेल तर लवकरच तुझ्या कंपनीचाही,
बाबा