शंभरापैकी एकशे बारा

मलकापूर, माघ वद्य पंचमी, सन १९७४

राजमान्य राजश्री व्याही सयाजीराव सुभेदार यांसी, नाथाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून ठीक आहे. आपला गुडघा कसा आहे? मेढ्याच्या चढउतारावर तो कुरकुरणारच. विहीणबाईंस नमस्कार. आमची चंद्रा आपल्या घरात नीट वागत असेलच. नसल्यास तो गुण तिच्या आईकडून आला असे समजावे (ही ओळ मी रंगूबाईला वाचून दाखवलेली नाही). माझे पोट बिघडले आहे आणि डावा डोळा आठ दिवस लवतो आहे. पुरुषाचा डावा वाईट की उजवा, तेवढे विहीणबाईंना विचारून ठेवावे.

या सगळ्याला कारण आमचे गुऱ्हाळ. रस काहिलीत कढत असताना गूळ नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळते तो गुळव्या, आणि आमचा गुळव्या केरबा एकवीस वर्षे काहिलीखालच्या चुलवाणापुढे बसतो आहे. हात चांगला, पण मन लागले तर. नाही लागले तर गूळ असा उतरतो की डांबरी सडकेने त्याला भाऊ म्हणावे. गेल्या साली कराडच्या पेठेत आमच्या ढेपा सगळ्यांत शेवटी उचलल्या गेल्या, त्याही तोंड फिरवून.

तर पौषात एक तरुण साहेब आले. चष्मा, हॅट, काखेत जाड वही. म्हणाले, शेतकी कॉलेजातून आलोय, रोज दोन तास इथे बसून नोंदी करीन, हरकत नाही ना? मी चौथी नापास माणूस. ज्याच्या हातात वही आहे त्याला हरकत घ्यायची नसते, एवढे शाळेने मला पक्के शिकवले आहे. घरातली एकुलती खुर्ची आणून दिली. साहेब निवत ठेवलेल्या गुळाकडे टक लावून बघत आणि वहीत आकडा लिहीत. पहिल्याच दिवशी चहा द्यायच्या निमित्ताने मी मागून डोकावलो. बावीस लिहिले होते. गणितात मला बावीसच पडले होते, त्यामुळे या आकड्याशी माझी जुनी ओळख आहे. लगेच केरबाला बाजूला घेऊन म्हणालो, "सरकारनं आपल्याला बावीस मार्क दिलेत. पास व्हायला पस्तीस लागतात."

"मालक, म्या गूळ करतुय, परीक्षेला न्हाई बसलू," असे तो म्हणाला खरा, पण दुसऱ्या दिवसापासून अंघोळ करून येऊ लागला. रसावरची मळी अशी निगुतीने काढी, की जणू बाळाचे तोंड पुसतो आहे. चुलीत चिपाडे टाकणारा धुळासुद्धा जाळ बघून टाकू लागला (एरवी तो झोप बघून टाकतो). गूळ केशरासारखा उतरला आणि मार्क झाले सदतीस. पुढे पन्नास, मग एकसष्ट. एकसष्टला पहिला वर्ग लागतो असे शाळेतल्या मास्तरांनी सांगितल्यावर मी गल्लीत पेढे वाटले. गुऱ्हाळवाल्याने गुळाऐवजी पेढे वाटले याचेही लोकांना कौतुक वाटले.

ही गोष्ट पेठेत दिलावरशेठच्या कानी गेली. आमचा गूळ घेणारे ते हेच. स्वतः चालत आले, पिवळी ढेप फोडली, खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "नाथाजीराव, मालात जान आली!" इथपर्यंत ठीक. पण कोपऱ्यात गेल्या सालच्या उरलेल्या काळ्या ढेपा पडल्या होत्या. त्याच, ज्या त्यांनी तेव्हा बोटाने टकटक करून नाकारल्या होत्या. त्यातलाही खडा चाखून डोळे मिटून म्हणाले, "हा जुना गूळ दिसतो. औषधी. ह्याचं गिऱ्हाईकच वेगळं." मी तोंड उघडले होते, पण ते जांभईकडे वळवले. त्या ढेपा गेल्या. मग मीही चेकाळलो आणि पत्र्याचा बोर्ड रंगवून घेतला, 'सरकारी मार्क मिळालेला गूळ'.

आणि मग साहेबांच्या वहीत एकशे बारा आले. शंभरापैकी एकशे बारा कसे? कॉलेजात देत असतील, असे मनाला समजावून पाहिले, पण राहवेना. विचारले. साहेब हसून म्हणाले, "बाबा, या माशा आहेत. गुळावर कुठल्या माशा किती बसतात, याचा माझा अभ्यास आहे."

माशांसाठी मी पेढे वाटले, सुभेदार.

साहेब परवा आभार मानून गेले. मी कुणाला काही बोललो नाही. पण खुर्ची रिकामी झाली आणि लागोपाठ दोन काहिली करपल्या. चंद्राची जुनी वही घेऊन मी स्वतः खुर्चीवर बसलो, तर केरबा म्हणतो, "उठा की तिथनं, धूर लागंल." येत्या रविवारी दिलावरशेठ सांगलीचे दोन व्यापारी घेऊन साहेबांना भेटायला येत आहेत. साहेबांना त्यांनी कधी पाहिलेले नाही, आणि ते गेल्याचेही त्यांना ठाऊक नाही. हंगामाचा सगळा गूळ कुणी उचलायचा ते त्या दिवशी ठरणार. फसलो तर गूळ घरात आणि बोर्ड पेठेच्या तोंडात.

हे केवळ आपणास कळावे म्हणून लिहिले. मुलीच्या बापाने व्याह्याकडे काही मागायचे नसते, हे मी जाणतो. लोभ जेवढा आहे तेवढाच पुरे, वाढवण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
नाथाजी

ता. क. : शनिवारच्या पहिल्या एस.टी.ने येता का? ताजा रस गुडघ्याला चांगला म्हणतात (कोण म्हणते ते विचारू नये). येताना मिलिटरीतला कोट घालावा आणि मिशीला पीळ द्यावा. वही मी देईन. खुर्चीवर बसून पेन्सिल हलवत राहावी. माशा मोजू नयेत.

पुन्हा ता. क. : काल मी पाकीट चिकटवत असताना केरबा आला. मन फार जड झाले होते, म्हणून त्याला माशांचे सगळे सांगून टाकले. त्याला काहीच वाटले नाही. "ठावं हाय की. सायबानं पयल्याच दिशी सांगितलं मला."

"मग गूळ कसा सुधारला रं?"

"त्यो आला की पयलं इचारायचा, केरबा, आज कसा उतरंल? आन् मी सांगंल ते लिवून घ्यायचा. यकवीस वर्सांत कुनी इचारलं न्हवतं."

मला फार लागले. म्हणून आज सकाळी मुद्दाम चुलवाणापाशी गेलो आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारले, "केरबा, आज कसा उतरंल?" त्याच्या हातातला झारा खाली पडला. म्हणाला, "मालक, मला कामावरनं काडताय व्हय?" तेव्हापासून तो दुसऱ्या गुऱ्हाळांवर काम विचारत हिंडतो आहे. तरी शनिवारची वाट पाहू नये. पत्र मिळेल त्या गाडीने निघावे.