मायाक्काचं लाल तोंड आणि तुझं लोणी

ती. गंगम्मा मावशीच्या पायांवर सोलापूरहून श्रीमंतचं डोकं. (टेकवताना दुखरा गुडघा चुकवला आहे.) इकडे सर्व क्षेम. अक्कलकोटला तुझी, काकांची आणि म्हशीची तब्येत कशी आहे? म्हशीची मुद्दाम विचारतो, कारण तिचे आमच्यावर फार उपकार झाले आहेत.

तुला ठाऊकच आहे, स्वदेशीचं वारं सुटल्यापासून मी घरी तोंड धुण्याचा साबण करतो आहे. पहिल्या वड्या दिसायला देखण्या होत्या. (गुण मात्र भांडी घासायच्या राखेचे. सोडा सढळ पडला होता आणि वड्या वाळण्याइतका धीर मला नव्हता.) गल्लीत कुणी हात लावेना. अन् मायाक्काला बघायला कुर्डुवाडीची मंडळी यायची, नेमकी त्याच सकाळी आपल्या ह्या वेड्या पोरीनं भावाचा मान राखायला म्हणून ती वडी तोंडाला फासली! चेहरा चुलीतल्या निखाऱ्यासारखा लाल झाला. तू शिऱ्यासाठी पाठवलेलं लोणी तुझ्या सूनबाईनं, पार्वतम्मानं, सगळं तिच्या गालांवर थापलं आणि माझ्याकडे जे पाहिलं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पाहुणे बसले. मुलगा शिवपुत्र, रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. त्याच्या आईनं मायाक्काला निरखून विचारलं, "पोरीला ताप हाय का?"

मी काही बोलायच्या आत मायाक्का म्हणाली, "ताप न्हाय, भाऊ हाय. त्यानं साबण केलाय. कुनी लावंना, म्हनून मी लावला."

मी घाईनं चहा पुढे केला. शिवपुत्र मात्र इतका हसला की बशीतला चहा धोतरावर सांडला. मग आईला म्हणाला, "घरच्यासाठी सोसती, अन् खोटंबी बोलत न्हाय. मला पसंत हाय."

मंडळी गेल्यावर मी परसात जाऊन रडलो. मायाक्का मागून आली, म्हणाली, "दादा, आता तान्ह्या पोराच्या गालाला चालंल असा कर, बग." मावशी, आई गेल्यावर आम्हां दोघांना तू ज्या मायेनं वाढवलंस, ती हिच्या बोलण्यात जशीच्या तशी उतरली आहे.

लोण्यानं तिचे गाल दोन दिवसांत निवले. तेव्हा डोक्यात उजेड पडला, की साबणानं कातडीचं हिसकावलेलं तेल लोण्यानं परत दिलं. मग आधीच कमी हिसकावलं तर? (प्रथम साबणातच लोणी घालून पाहिलं. त्याला असा वास सुटला की शेजारच्यांनी दारं लावली.) मग सोडा कमी केला, करडईचं अन् खोबऱ्याचं तेल वाढवलं, आणि वड्या सावलीत महिनाभर वाळू दिल्या. या खेपेस आधी माझ्या तोंडाला लावून पाहिलं. साय लावावी तसं वाटलं. तुझं लोणी नसतं तर ना लग्न जुळतं, ना साबण. हे ऋण मी जन्मभर मिरवीन.

तुझा,
श्रीमंत

ता. क. खरं काम हे, की पार्वतम्मानं मला साबणापायी स्वयंपाकघरात यायला बंदी केली आहे. हे पत्रही दारापुढच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. ती फक्त तुझं ऐकते. दोन शब्द लिही.

ता. क. दुसरं. मावशी, मी पार्वतम्मा. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं, म्हनून वाचलं. दोन शब्द लिवू नका, ओट्यावर बरे हायेत. पन साबण लई चांगला झालाय. मी रोज लावती, बाया इचारत्यात. तेवढं त्यास्नी कळू देऊ नका.