दोन हुक, नऊ पंखे

ताडकळस, बाजाराचा दिवस, दुपार
(लाइट न्हाई, म्हणून वेळ हाय)

तीर्थस्वरूप दाजींच्या पायावर धाकटा मेव्हणा बन्सीधर याचं डोकं. आक्काला बी नमस्कार. खरं तर तिचं नाव आधी घ्यायला पायजे होतं, पण ती रागावली तरी जेवायला वाढती, तुमी रागावले की फोन उचलत न्हाई.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आक्काची शुगर कशी हाय? (तिनं लाडू बंद केल्याचं तिनंच सांगितलं, आन् तुमी चालू ठेवल्याचं बी तिनंच सांगितलं.) इकडं मनकर्णा बरी हाय, म्हैस बरी हाय, माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान रडतखडत चालू हाय, आन् तुमच्या वडिलांच्या, म्हणजे कै. तात्यांच्या नावानं तुमी आमच्या मंडळाला दिलेला पंखा तर झकास फिरायलाय. त्याची बिलकुल फिकीर करू नका. हे सगळं फोनवर बी सांगता आलं असतं, पण फोनवर तुमी मधीच प्रश्न विचारता, आन् प्रश्न आला की माझी पंचाईत होती. म्हणून पत्र.

तुमी पडले पुण्याला, त्यामुळं मी अध्यक्ष कसा झालो ते तुमाला कुणी खरं सांगितलं नसंल. शाळेत पालकायची सभा होती. ज्ञानेश्वरीबाई म्हणून एक पोरगी परभणीला शिकून आलेली. तिनं उभं राहून सांगितलं, की दर वर्गात दोन-चार लेकरं अशी असतात की हुशार असून त्यायला वाचता येत न्हाई, अक्षरं डोळ्यापुढं ठरत न्हाईत; त्याला डिस्लेक्सिया म्हणतात; ते आळशी नसतात आन् ढ बी नसतात. (मागून एकानं विचारलं, हे कापसावर मारतात तेच का. हसू नका, माझ्या बी मनात तेच आलतं.) अशा लेकरायसाठी वेगळा वर्ग काढायचा, त्याला एक मंडळ पायजे, अध्यक्ष कोण होतंय, हात वर करा, असं बाई म्हणल्या. मी त्या टायमाला स्टुलावर चढून शाळेची ट्यूब बसवायलो होतो. सगळ्यायचे हात खाली, माझा एकट्याचा वर. टाळ्या वाजल्या. ट्यूब सोडली असती तर फुटली असती, म्हणून मी अध्यक्ष झालो.

दुकानामागची खोली दिली. 'उजेड वाचन मंडळ' अशी पाटी लागली आन् त्याच दिवशी लाइट गेली. पण बाईचं काम लय भारी, दाजी. ताटात रेती घेऊन बोटानं अक्षर गिरवायला लावती, मोठ्यानं म्हणायला लावती, आज विसरलं तर उद्या परत, परवा परत. माझ्यात एवढा दम असता तर माझ्या दुकानात गिऱ्हाईक टिकलं असतं. फक्त तिला पगार द्यायचा होता, आन् तो देणं हे अध्यक्षाचं काम होतं.

आता आपल्याकडच्या लोकायचं तुमाला माहीतच हाय. द्यायला कुणी न्हाई म्हणत न्हाई, पण दिलेलं दिसायला पायजे. रोख पैसे दिले तर नाव कुठं टाकायचं? बाईच्या पगारावर नाव टाकता येत न्हाई, आन् बाईवर तर टाकताच येत न्हाई. पंख्याला मात्र तीन पाती असतात. पहिला पंखा तुमचा आला. धम्मदीप पेंटरनं लाल ऑइलपेंटनं एका पात्यावर 'कै. दिनकरराव', दुसऱ्यावर 'दुधाटे यांच्या' आन् तिसऱ्यावर 'स्मरणार्थ' असं ठसठशीत काढलं, ते लोकायनं बघितलं, आन् तिथून जी रीघ लागली ती नऊ पंख्यावर थांबली. नऊच्या नऊ माझ्याच दुकानातून गेले आन् माझ्याच खोलीत आले. बन्सीधरनं पंखे खपवायला मंडळ काढलं असं गाव म्हणायलंय. मी सूट दिलती, हे कुणी म्हणत न्हाई.

खोलीला हुक दोन.

मग काय, दोन पंखे वर आन् सात कोपऱ्यात, त्यावर मनकर्णाची गोधडी. पण देणगीदार बघायला येतात ना! वडलांची तिथी आली की मुलंबाळं घेऊन येतात, मान वर करून उभे राहतात, नमस्कार करतात. मी खिशात पाना घेऊनच फिरायचो. कोपऱ्यावर कोण दिसलं की मनकर्णा खोकायची, मी स्टुलावर. (अध्यक्षाची कामं विचारशील तर ही.) माफ करा, 'विचाराल तर'. ओघात चुकलं.

गेल्या महिन्यात सर्वपित्रीला तिघं एकदम आले. धुरपताबाई, रामहरी आन् वालूरचे दत्तराव. हुक दोन, माणसं तीन. मी घाईघाईनं धुरपताबाईचा म्हातारा आन् रामहरीचे चुलते वर चढवले आन् दत्तरावाला म्हणालो, तुमचा सर्व्हिसिंगला गेलाय, बसा, चहा घ्या. ते बसले. गोधडीवर बसले. खाली काहीतरी टोचलं म्हणून गोधडी उचलली, तर ते नेमके आपल्या वडलांवर बसलेले.

पुढचं सविस्तर लिहीत न्हाई, आक्का पण वाचंल. दत्तरावांचा आवाज बस स्टँडपर्यंत गेला. माझी अक्कल, माझं दुकान, माझं खानदान सगळं निघालं (खानदानात आक्का आली, म्हणजे तुमी बी थोडे आलेच). तेवढ्यात बाई शांतपणे म्हणल्या, की पंख्यावरनं भांडू नका, तीन महिने पगार न्हाई, नांदेडला एका शाळेत जागा हाय, मी एक तारखेपासून जाणार. धुरपताबाईनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं आन् म्हणल्या, इकून टाका, जित्यापणी बी म्हाताऱ्यानं कधी पंखा लावू दिला न्हाई, हाडं दुखतात म्हणायचा. मग रामहरीनं बी हो म्हणलं. दत्तराव शेवटी म्हणाले, इका, पण नाव खरडून काढू नका. बाकीच्यायनं बी मग तेच म्हणलं. अशा रीतीनं एकच पंखा दोनदा विकणारा ताडकळसातला पहिला दुकानदार मी झालो.

आता तात्यांच्या पंख्याचं. देणगीदार नसले की वर तोच असायचा. तो विकू नका असं बाईनं बजावून सांगितलं होतं, आन् त्याला कारण प्रियंका. वच्छलाबाईची पोरगी, चौथीत हाय. मायबाप दरसाल ऊसतोडीला जातात. वर्ग चालला तर पोरगी आजीजवळ राहणार, बंद पडला तर टोळीसंगं ट्रकमधी. पुस्तक उघडलं की तिला घाम यायचा. पण लाइट गेली की पंखा थांबायचा, आन् ही उताणी पडून वर बघायची. एवढी मोठी सुटी सुटी अक्षरं, वर कुणी मारायला न्हाई, हसायला न्हाई. आधी एक पातं वाचता आलं, महिन्यानं दुसरं. तिसरं काही केल्या लागंना. बाई म्हणायच्या, लागंल. लाइट गेली की आमच्या वर्गात लेकरं टाळ्या वाजवतात, दाजी. महावितरणला एवढा मान दुसरीकडं कुठं नसंल.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा. थोरांना नमस्कार, धाकट्यायला आशीर्वाद, आन् लाडू कमी खा.

तुमचा मेव्हणा, म्हणजे पसंत नसला तरी एकुलता एक,
बन्सीधर

ता. क. पंखा झकास फिरायलाय असं वर लिहिलंय ते खरं हाय. कुठं फिरायलाय ते लिहायचं राहिलं. तो सितारामच्या कटिंगच्या दुकानात हाय. कोपऱ्यातले सातच्या सात विकून बी पगाराला थोडे कमी पडायले होते, आन् दुसऱ्या दिवशी बाई नांदेडला भेटून येणार होत्या. त्या घरी गेल्यावर मीच उतरवला. पगार पुरा झाला, बाई थांबल्या. मला वाटलं, वा रे अध्यक्ष!

आणखी ता. क. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, टाळ्या वाजल्या, प्रियंका उताणी पडली. वर नुसता हुक. ती भिंतीकडं तोंड करून बसली आन् चार दिवस आलीच न्हाई. बाई माझ्याशी बोलंनात. वच्छलाबाई म्हणली, तिचं मनच उडालं, आता संगंच नेते, ट्रक परवा हाय. दाजी, मी कातडीचा जाड माणूस हाय, तुमाला माहीत हाय. पण त्या रात्री सितारामच्या बंद दुकानापुढं दोनदा जाऊन आलो.

अजून एक ता. क. हे आज सकाळचं हाय आन् यासाठीच पत्र लिहायला बसलो. वच्छलाबाई पोरीला घेऊन बाजारात आलती, तिकडं न्यायला ताडपत्री घ्यायची म्हणून. सितारामच्या दुकानापुढं आली आन् लाइट गेली. पोरगी दारात उभी राहिली. आत दोघा-तिघायच्या तोंडाला साबण लागलेला. ती मान वर करून, ओठ हलवत, एकेक पातं बोटानं हवेत धरत... मी समोरच होतो. 'कै. दिनकरराव.' थांबली. 'दुधाटे यांच्या.' मग लय वेळ थांबली. सितारामनं वस्तरा वरच धरला. आन् मग म्हणली, 'स्मरणार्थ.' परत एकदा म्हणली, आता मोठ्यानं. वच्छलाबाईला वाचता येत न्हाई, ती मला विचारायली, बरोबर हाय का हो? मी हो म्हणलं. ताडपत्री दोघायपुरतीच घेतली तिनं. पोरगी आजीजवळ राहणार हाय.

शेवटचं. मागचा पगार फिटला, पुढच्या महिन्याचं काहीच न्हाई, आन् विकायला आता एकच पंखा उरलाय, तो लेकरायला लागतो. तुमाला जमलं तर एक महिना तात्यांच्या नावानं द्या. पंखा पाठवू नका, पाया पडतो. आन् नाव कुठं टाकायचं हा प्रश्न तुमी विचारणारच, म्हणून प्रियंकाला आधीच विचारून ठेवलंय. ती रोज सकाळी फळ्यावर लिहिणार हाय. तिच्या हाताला जरा वेळ लागतो, पण पुरं लिहीन म्हणली.