मध्यंतरानंतर कोच कुठे होती

ॲशबर्न फॉल्स, वर्मॉन्ट
फेब्रुवारी, रविवार

प्रिय सिग्ने,

नाताळात तू पाठवलेला घोड्याचा फोटो अजून माझ्या ऑफिसच्या दारावर चिकटवलेला आहे. त्याचे वेडेवाकडे दात बघून मुली रोज मला विचारतात, "कोच, हा तुमचा सख्खा भाऊ का?" मी सांगते, आपल्याच बास्केटबॉल टीमची एक जुनी खेळाडू डलूथला जनावरांची डॉक्टर आहे, तिचा हा पेशंट. घोड्याच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई एके काळी आपली पॉइंट गार्ड होती, हे त्यांना खरं वाटत नाही. त्यांच्या मते या कॉलेजमधून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी एक तर न्यूयॉर्कमध्ये बँकेत असते, नाहीतर कुठल्यातरी प्रयोगशाळेत.

माझं ठीक चाललंय. उजवा गुडघा बदलून घेतला. विमानतळावरच्या तपासणीत आता मी वाजते. हॅरिएट अजून माझी सहायक आहे आणि अजून माझ्यापेक्षा जास्त ओरडते. जिममधली जुनी लाकडी जमीन उखडून नवी घातली. दिसायला सुंदर आहे, पण त्या डाव्या कोपऱ्यात चेंडू मरायचा, उसळायचाच नाही, तो आता मरत नाही. पाहुण्या टीमला तिथे फसवायची आपली सोय गेली. बसचे ड्रायव्हर मिस्टर कॉर्मिए निवृत्त झाले. नवीन ड्रायव्हर तरुण आहे, शब्दकोडं सोडवत नाही, फोन बघत बसतो.

बाकी सगळं तसंच. शुक्रवारी एक मॅच, शनिवारी दुसरी, मधल्या वेळात बर्फातून बसचा प्रवास. मागच्या सीटवर मुली कपाळाला दिवे बांधून अभ्यास करतात. अंधारात मागे वळून पाहिलं की खाणीत चाललेले कामगार बसलेत असं वाटतं. हे तूच पहिल्यांदा म्हणाली होतीस. तुझ्या गावच्या लोखंडाच्या खाणीवरून. मागच्या महिन्यात आमच्या एका मुलीने हॉटेलच्या खोलीत रसायनशास्त्राचा पेपर लिहिला, हॅरिएट समोर पहारा देत बसली होती, आणि पेपर संपला तशी ती मुलगी बूट चढवून थेट मॅचला आली. दुसऱ्या कॉलेजांत मुलींना खेळण्यासाठी आणतात आणि जमलं तर शिकवतात. आपल्याकडे खेळात आणि अभ्यासात, दोन्हीकडे अव्वल असलं पाहिजे, आणि चेहऱ्यावर दमल्याची खूण दिसता कामा नये. ही दुसरी अट कुठे लिहिलेली नाही. पण ती पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला कळते.

ऑक्टोबरात तुम्ही सगळ्या जुन्या मुली जमलात तेव्हा फार बरं वाटलं. कॉर्डेलिया ग्लास उंचावून उभी राहिली, तेव्हाच मला कळलं काय येणार ते. "ज्या शिंपल्यांच्या सुपाने आपली चॅम्पियनशिप बुडवली, त्या सुपाच्या नावाने!" सगळ्यांनी टेबलं बडवली. कुणीतरी माझी नक्कल केली, पोट धरून लॉकर रूममधून पळत सुटलेली कोच. मीही हसले. दर वेळी हसते. तूही हसलीस, मग काटा बशीत हळूच ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी नजर दुसरीकडे वळवली. इतक्या वर्षांत त्याबद्दल आपण एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. ते तुझं होतं, आणि तू सांभाळायला दिलंस म्हणून माझ्याजवळ होतं, एवढंच.

आज मात्र त्याबद्दल लिहिणार आहे. म्हणून हाताने लिहितेय, कॉलेजच्या ईमेलवर नको. वाचवत नसेल तर इथेच थांब. मी वाईट वाटून घेणार नाही.

आधी तुला नोएमीबद्दल सांगते. नोएमी अरियागा, दुसऱ्या वर्षाला आहे, टेक्ससमधल्या लारेडोची. वडील ट्रक चालवतात, आई शाळेच्या स्वयंपाकघरात आहे. लांबून बास्केट टाकण्यात तिच्या तोडीची मुलगी मी इथे पाहिली नाही. चेंडू तिच्या हातून सुटला की हॅरिएट बाकावरून उठून पाणी प्यायला जाते, इतकी तिला खात्री असते. आणि बडबडी तर अशी की बसमध्ये सगळ्यांच्या झोपा मोडते. मला तोंडावर म्हणते, "कोच, तुम्ही फळ्यावर काढता ते डावपेच आहेत की तुमच्या आजीच्या गावचा नकाशा?" टीमचं तिच्यावर प्रेम आहे. गावाने तिची पाठवणी जवळजवळ लग्नासारखी केली होती. चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली आणि दुकानदारांनी काचेत तिचे फोटो लावले.

तुझ्या गावानेही तर बँड लावला होता. तुझ्या बाबांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, थोडं लाजत, थोडं अभिमानाने. म्हणूनच मला वाटतं, त्या वर्षी तू कुणाला काही बोलली नाहीस. बँड लावून पाठवलेल्या मुलीने फोन करून काय सांगायचं?

ती चॅम्पियनशिपची मॅच शनिवारी दुपारी होती. येताना पूर्ण रस्ताभर तुझ्या मांडीवर पुस्तकाचं एकच पान उघडं होतं, हे मिस्टर कॉर्मिएंनी आरशात पाहिलं होतं. मला त्यांनी ते नंतर सांगितलं. मैदानात तर तू अशी खेळलीस की समोरच्या कोचने मला हात जोडून दाखवले. मध्यंतराला आपण चांगल्याच पुढे होतो. मी फळ्यावर काहीतरी काढत होते, मागे वळले, तर तुझी जागा रिकामी. तुझं जाकीट खुंटीला तसंच होतं. बाहेर बर्फ पडत असताना जाकीट न घेता गेलेली मुलगी पाणी प्यायला गेलेली नसते. मी खडू हॅरिएटच्या हातात दिला, म्हटलं, "सांभाळ," आणि निघाले.

ताज्या बर्फावर तुझ्या बुटांचे ठसे होते. गाड्यांच्या मधून, कुंपणाच्या कडेने, मागच्या नदीपर्यंत. तू काठावर उभी होतीस, खेळायच्या कपड्यांत, उघड्या हातांनी. मी फारसं शहाणपणाचं काही बोलले नाही. कोच म्हणून मला जे जे शिकवलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

तू वळूनही न बघता म्हणालीस, "परत जा, कोच. मॅच सुरू होईल."

"होऊ दे."

"तुम्ही हराल."

"हरू. माझे बूट भिजलेत, मला थंडी वाजतेय आणि मी तुझ्याशिवाय इथून हलणार नाहीये."

तू नदीकडेच बघत म्हणालीस, "मला आता जमत नाही. काहीच जमत नाही." मग मी पुढे येऊन तुझा हात धरला. तो बर्फासारखा होता. तू तो सोडवून घेतला नाहीस. आयुष्यात मला मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन, की तू हात सोडवून घेतला नाहीस.

मिस्टर कॉर्मिएंनी बसचं दार उघडलं, आपला कोट तुझ्या अंगावर टाकला, हीटर वाढवला आणि पुढे जाऊन शब्दकोडं घेऊन बसले. एक प्रश्न नाही. देवमाणूस. जिममधून आरडाओरडा ऐकू येत होता, आपण हरत होतो. तू दात वाजवत म्हणालीस, "कुणाला सांगू नका. टीमला नाही, कॉलेजमध्ये कुणाला नाही. कधीच नाही." मी म्हटलं, "नाही सांगणार. पण तू आज डॉक्टरांना सांगायचंस, आणि तुझ्या बाबांना मी आत्ता फोन करणार." तू मान हलवलीस. तो आपला सौदा.

तो तू तुझ्या बाजूने पूर्ण पाळलास. हॉस्पिटलात राहिलीस, बाबांबरोबर घरी गेलीस, पुढचं वर्ष औषधं घेत, गायीगुरांच्या डॉक्टरकडे मदतीला जात काढलंस, आणि परत आलीस. परत आलीस तेव्हा तुला आधीपेक्षा कमी मार्क पडायचे आणि तू जास्त जेवायचीस. मला ते दिसत होतं. माझ्या बाजूने मी खेळ-विभागाच्या प्रमुखांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की मला अन्नबाधा झाली होती, हॉटेलचं शिंपल्यांचं सूप. आणि तुझा घोटा मुरगळला म्हणून तुला घरी पाठवलं, असंही सांगितलं. त्यांनी मला भरपूर ऐकवलं. ऐकवू दे. मी लोवेलच्या ग्रीक घरात वाढलेय, आरडाओरडा आमच्याकडे जेवणाबरोबर वाढतात.

आता पुन्हा नोएमी. जानेवारीपासून ती सरावानंतर जिममध्येच झोपायला लागली. विचारलं की म्हणायची, "खोलीतली मुलगी घोरते, कोच. ट्रकसुद्धा बरा." जेवताना सगळ्यांना हसवायची, आणि तिच्या बशीतलं तसंच राहायचं. मी तिला कॉलेजच्या समुपदेशकाकडे पाठवलं. त्यांच्याकडे रांग होती, मार्चमधली तारीख मिळाली. मी भांडले, तर त्यांनी थोडी अलीकडची दिली. मग गेल्या मंगळवारी सरावाला पहिल्या वर्षाची प्रिसिला नोएमीचे नवे बूट घालून आली. म्हणाली, "नोएमीने दिले. म्हणाली, मला आता लागणार नाहीत." हे सांगताना तिला आनंद झाला होता, बिचारीला.

सराव अर्धा टाकून मी आणि हॅरिएट तिच्या वसतिगृहावर गेलो. तिने दार उघडलं, तेच हसू. "मी ठीक आहे, कोच." मी विचारलं, "बूट का दिलेस?" ती दारातच खाली बसली. हॅरिएटसुद्धा तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ओरडली नाही.

ती आता हॉस्पिटलात आहे. सुरक्षित आहे, डॉक्टर बाई चांगल्या आहेत. तिची आई लारेडोहून आली, ती माझ्याकडेच राहते. आम्हा दोघींना एकमेकींचं अर्धंच कळतं. ती पहाटे उठून माझ्या स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाचे तमाले वळते आणि डब्यात घालून मुलीला नेते. मुलगी एखादा खाते. तेवढ्यावर त्या माउलीचा दिवस निघतो.

काल दुपारी आई बाहेर गेली होती तेव्हा नोएमी माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली. हसू नव्हतं. म्हणाली, "इथे सगळ्यांना जमतं. मलाच जमलं नाही." मी म्हटलं, "तू एकटी नाहीस."

"हे जिन्यातल्या पोस्टरवर लिहिलंय, कोच."

मग उठून बसली आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात. खरं सांगा. तुमच्या टीममध्ये माझ्यासारखी एक तरी होती? आणि तिचं पुढे काय झालं?"

सिग्ने, तू माझ्या डोळ्यांसमोर होतीस, घोड्याच्या तोंडात हात घातलेली, टोपी वाकडी झालेली, हसणारी. आणि मी म्हटलं, "आता आराम कर." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला वाटलं, माझ्याकडे उत्तर नाही.

मी तिला काही सांगितलेलं नाही. तुझ्या परवानगीशिवाय कधी सांगणारही नाही. तू नाही म्हणालीस तर हा विषय इथेच संपला, पुढच्या ऑक्टोबरात मी तुला तशीच मिठी मारेन. पण हो म्हणालीस, तर मला तिला सांगू दे की एक होती. तिची टीम ती मॅच हरली आणि कुणाचंही काहीही बिघडलं नाही. ती एक वर्ष घरी राहिली, परत आली, आणि आज तिची गाडी शेणाने माखलेली असते. नाव नको असेल तर नावाशिवाय सांगेन. तुला स्वतः तिच्याशी बोलावंसं वाटलं तर फोन कर, यावंसं वाटलं तर ये, वरची खोली तयार आहे. यातलं काहीच नको असेल तर तसं लिही. मी रोज दुपारी तिच्याकडे जाते. तिने मला पुन्हा विचारलेलं नाही, पण मी आत शिरले की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग खिडकीकडे.

तुझीच,
कोच