पऱ्हाटी कोणाची

प्रिय शालू,

तू म्हणशील, फोन असताना या माणसाला कागद कशाला सुचला. पण फोनवर तू कायम दोन मीटिंगांच्या मध्ये असतेस. ‘बोल लवकर’ म्हणतेस, आणि मी ‘सगळं बरंय’ म्हणून मोकळा होतो. सोमवारपासून रोज तेच करतोय, आणि सगळं काही बरं नाहीये. शेजारचा काकासाहेब आजच्या गाडीने पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पाठवतो. जेवण झाल्यावर निवांत वाच.

पिंपळगावच्या रस्त्यावरचा तुझा पांढऱ्या कोळशाचा कारखाना बंद पडलाय, हे ऑफिसात कळलंच असेल. कापूस वेचणाऱ्या बाया सोमवारपासून फाटकासमोर बसल्यात आणि पऱ्हाटी भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर उभे आहेत. तुमच्याकडे ही बातमी ‘स्थानिक अडचण’ म्हणून पोचली असणार. खरी अडचण मी सांगतो.

शेवटची वेचणी झाली की कापसाची वाळलेली झाडं, ती पऱ्हाटी, वेचणारणीची, ही आपल्याकडची रीत. ती लोखंडी चिमट्याने उपटून मोळ्या बांधून नेते. मालकाचं रान मोकळं होतं, तिच्या चुलीची वर्षाची सोय होते. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. ही रीत कुठे लिहिलेली नाही. त्यामुळे तुझ्या कंपनीने पऱ्हाटीला भाव दिला, तेव्हा मालकांनी ती सरळ कारखान्याला घातली आणि बाया हात हलवत घरी आल्या. तू मंठ्याची, तुझ्या आईच्या डोक्यावर मोळी तू पाहिलेली आहेस. तरी तुमच्या कागदात पऱ्हाटी ‘शेतात वाया जाणारी’ झाली. पुण्यात बसलं की तसं होत असेल. मी तुला बोल लावत नाही, फक्त नवल वाटलं.

तुझा मला किती अभिमान आहे हे तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितो. लग्न झालं तेव्हा तू भोकरदनच्या बाजारात स्कुटीला सौर कंदील टांगून विकायचीस, आणि लोक मला विचारायचे, गुरुजी, बायकोला जत्रेतलं दुकान लावून दिलं का. मग सौरपंप, मग पुण्याची नोकरी, मग हा पांढरा कोळसा. पऱ्हाटीचा भुसा दाबून केलेला पहिला ठोकळा पर्समध्ये घालून तू जालन्याचे कारखाने पालथे घातलेस, दगडी कोळशाऐवजी हे जाळून बघा म्हणून. कोणी चहासुद्धा विचारला नाही. घरी येऊन रडलीस, तर माझ्या आईने पुढ्यात गरम भाकरी ठेवली आणि म्हणाली, ‘आधी खा, मंग रड.’ आज तू उपाध्यक्ष आहेस. आई अजून भेटेल त्याला सांगते, ‘आमची शालू जगाचा धूर कमी करून राह्यली.’ तुमच्या माहितीपत्रकापेक्षा हे मला जास्त पटतं.

आता फोनवर लपवलं ते. त्या बायांच्या पुढे बसलीय ती आपली आईच. तिने सारा जन्म दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, ती घरी कशी राहील. तुमचा मॅनेजर भला माणूस आहे. तिला आजी म्हणतो, सावलीत खुर्ची आणून देतो. पण ही मॅडमची सासू, हे त्या बिचाऱ्याला माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना ताकीद दिली, ‘शालूचं नाव कोणी काढायचं न्हाई. तिला तिथं मान हाय, तो बिलकुल जायला नको.’ मॅनेजर मला ओळखतो, म्हणून डबासुद्धा मी लांबूनच दुसऱ्याच्या हाती देतो. घरी तिला म्हटलं, सून फाटकाच्या आत आणि तू बाहेर, हे काय चाललंय. तर म्हणाली, ‘ती तिचं काम करून राह्यली, मी माझं. भांडण कुठंय?’

रविवारी पुण्याहून तुमचे लोक बोलणी करायला येणार आहेत, आणि त्यांत तू असणारच. गाडीतून उतरलीस की समोर आई दिसेल. ती ओळख दाखवणार नाही. तुझ्याकडे परक्या बाईसारखं बघेल, आणि ते मला बघवणार नाही. म्हणून त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसणार आहे. मग घडीभरात तुमच्या साहेबांना कळेल की मॅडमचं अख्खं घर फाटकाबाहेर बसलंय. तुला त्याचा त्रास होईल, हे मला कळतं, आणि फार वाईट वाटतं. तू नको म्हणालीस तरी मी बसेन, शालू. पण तुला न सांगता बसणं जमेना, म्हणून हे पत्र. आईला यातलं काही बोललो नाही. उतरल्यावर आधी कोणाकडे वळायचं, ते तू ठरव.

कुठेही बसलो तरी तुझाच,
परमेश्वर