घरची, डब्याची की माणसाची

५ जानेवारी, सोमवार
कारखान्याला सोमवारची सुट्टी. आयर्लंडच्या विद्यापीठाचं पत्र परत एकदा नीट वाचलं. प्रवेश देतो म्हणतात, पण फेब्रुवारी संपायच्या आत इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क दाखवा. कुठली परीक्षा? खाली ही लांब यादी. आयईएलटीएस, टोफेल, पीटीई, शिवाय घरी बसून लॅपटॉपवर द्यायची आणखी एक. यातली कुठलीही चालेल. एकच इंग्रजी मोजायला इतक्या परीक्षा कशाला लागतात, याचाच विचार करत बसले.

बाबा : "घे की कुठलीबी. पास झाल्याशी मतलब."
मी : "पास-नापास नसतंय त्यात."
बाबा : "मग परीक्षा कसली ती?"

आई भाकरी थापत होती. पत्र आल्यापासून ती जा म्हणालेली नाही, नको म्हणालेली नाही. आयर्लंडचं नाव निघालं की म्हशींचं काहीतरी काढते.

७ जाने., बुध.
लॅबमध्ये आज दिवसभर हेच डोक्यात. शिरोलीच्या या फौंड्रीत चार वर्षं लोखंडाचे तुकडेच तपासतेय. एकच कास्टिंग, म्हणजे ओतलेला तुकडा : वरून दाबून कडकपणा बघितला तर एक कळतं, ओढून तोडलं तर दुसरं, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर तिसरंच. लोखंड तेच. मग या परीक्षा माझं नक्की काय बघतात? दाबतात की तोडतात?

माझ्यापुरती नावं ठेवली. घरी एकटीनं द्यायची ती 'घरची'. केंद्रावर जाऊन संगणकाशी बोलायचं ती 'डब्याची'. टोफेल, पीटीई त्यात. आयईएलटीएसमध्ये बोलायला समोर परीक्षक बसतो, म्हणून ती 'माणसाची'.

१० जाने., शनि.
राजारामपुरीतल्या क्लासला फुकट डेमो होता. सरांनी आधी डब्याची दाखवली. ओळीनं संगणक, मधे पुठ्ठ्याचे आडोसे, सगळ्यांच्या कानाला हेडफोन, आणि सगळे एकदम बोलणार. पडद्यावर चित्र आलं, नदीकाठचा बाजार. मी सुरू केलं.

फौंड्रीत मशीनच्या आवाजावर बोलायची सवय. त्यात मूळची कोल्हापूरची. शेजारच्या मुलीच्या पडद्यावर म्हणे कसलासा तक्ता होता, पाऊसपाण्याचा. माझं ऐकून तीही बाजाराचं वर्णन करायला लागली. संपल्यावर हेडफोन काढून माझ्याकडे बघत म्हणाली, "ताई, मी तुमचं चित्र सांगितलं की हो."

हसून हसून पुरेवाट. सर मात्र हसले नाहीत. "आवाज कमी करा मॅडम, यंत्राला ऐकू येतंय." मग मी इतकी हळू बोलले की यंत्राला काहीच ऐकू गेलं नाही.

११ जाने., रवि.
डेमोचा दुसरा भाग, माणसाची. सर परीक्षक होऊन समोर बसले. आधीच बजावलं, मी मान हलवणार नाही, वा म्हणणार नाही, चुकलं तरी सांगणार नाही. बोलत राहायचं.

दोन वाक्यांतच अडकले. समोरचा 'हं' सुद्धा म्हणत नाही म्हणजे काय? आमच्याकडे पलीकडून 'व्हय' आलं नाही तर बोलणारा विचारतो, ऐकतोयस न्हवं? मीही विचारलं, इंग्रजीत. सर म्हणाले, असं विचारायचं नाही.

माणूस समोर बसवायचा आणि त्यानं दगडासारखं राहायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? त्या परीक्षकाला घरी गेल्यावर तरी मनमोकळं हं-हं करता येत असेल का...

१३ जाने., मंगळ.
ठरवलं. घरची. निकाल लवकर, प्रवास नाही, माझी खोली, माझी खुर्ची. नियम कडक आहेत : खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद, कानात काही नको, नजर पडद्यावरून हलवायची नाही. कॅमेरा बघत असतो. मधे कुणी आत आलं तर परीक्षा बाद.

जेवताना सगळे नियम वाचून दाखवले. बाबा म्हणाले, आपल्या घरात दार लावून बसायचं म्हंजे आजारी तरी पडाय पायजे नायतर रुसाय तरी. खरं आहे. आमची दारं फक्त वाऱ्यानं लागतात.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. दोनदा विचारलं, "हाक बी मारायची न्हाय?"
"न्हाय."
"आत यायचं न्हाय?"
"अजिबात न्हाय."

मला बरं वाटलं. निदान विचारलं तरी. एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथेच लिहिते. बाबांचा होकार आमच्या अख्ख्या गावाला, उचगावला, ऐकू गेलाय. आईचा आलेला नाही. तो आल्याशिवाय मी जाणार नाही. मार्क कितीही पडू देत.

१९ जाने., सोम.
आज घरची परीक्षा.

आई पहाटेपासून माझ्याहून जास्त तयारीत. रेडकू ओरडतं म्हणून लांब नेऊन बांधलं. कुकर लावला नाही. शेजारच्या शेवंताकाकूंना दारातूनच परत पाठवलं, "आज आमच्या घराकडं बघायचंबी न्हाय." दारावर 'आत येऊ नये' लिहिलेला कागदही तिनंच डिंक लावून चिकटवला.

मग म्हणाली, "दही-साखर कवा देऊ? तू तर कुठं निघालीच न्हाईस."

दहावीपासून प्रत्येक परीक्षेला उंबऱ्यापाशी हातावर दही. पण आज उंबराच ओलांडायचा नव्हता. म्हटलं, "राहू दे गं आज. घरातच तर बसतोय."

सुरू झाली. वाचन चांगलं गेलं. लिहिणं बरं. मग बोलणं. प्रश्न आला, लहानपणीच्या एखाद्या खेळाबद्दल सांगा. सांगितलं, थांबले. पुढचा आला, सांगितलं, थांबले. तिसऱ्याला रंगात आले होते आणि दार उघडलं. आई. हातात वाटी, चमचा. तोंडातून आवाज नाही, नुसता चमचा पुढे.

कॅमेऱ्यात ती पूर्ण दिसली असणार, डोक्यावरच्या पदरासकट. चमचा पुढे आलाच होता, दही खाल्लं.

२० जाने., मंगळ.
मेल आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा ग्राह्य नाही. पुन्हा देता येईल.

बाबा पोट धरून हसले. शेवंताकाकूंना सांगून झालं, लॅबमध्ये मीही सांगितलं, सगळे हसले. दह्यानं आयर्लंड बुडवलं! आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?" आणि म्हशींकडे गेली.

हसण्याच्या नादात सुटलेली गोष्ट आता खटकतेय. तिला कळत होतं. नियम तिला माझ्याइतके पाठ होते. काकूंना दारातून घालवणारी बाई स्वतः आत कशी येईल?

२२ जाने., गुरु.
अजून तेच. मुद्दाम आली असेल का? मी जाऊ नये म्हणून? तसं असेल तर सरळ नको म्हणाली असती. आमच्या आईला सरळ बोलायला कधी कुणाची भीती वाटलीय? सरपंचाला तोंडावर बोललेली बाई आहे.

राग येत नाहीये, याचंच मला नवल वाटतंय. कास्टिंगमध्ये भेग सापडली की जसं होतं तसं, कुठून आली ते कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही.

२५ जाने., रवि.
विचारलं. ती धार काढत होती, मी पलीकडे उकिडवी बसले. धार काढताना ती उठून जाऊ शकत नाही, म्हणून तीच वेळ धरली.

"आई, आत आल्यावर परीक्षा बुडती हे म्हाईत व्हतं का तुला?"
"व्हतं की."

इतकं सरळ! चरवीत धारेचा आवाज तेवढा. मग तिनंच सांगितलं. आठवतं तसं लिहिते :

"दाराभायेर बसलो व्हतो. तू बोलत व्हतीस. मग थांबलीस. मी म्हटलं, आता पल्याडनं कोनतरी बोलंल. कोन बोललंच न्हाय. परत तू बोललीस, परत थांबलीस. परत कोन न्हाय. एवढं गोड हसून सांगत व्हतीस काय काय, आन ओ द्यायला कोन न्हाय. मला भायेर बसवंना बघ. नुसतं कसं शिरू म्हनून दही घेटलं हातात."

मग म्हैस हलली, तिला एक शिवी हासडून म्हणाली, "तिकडंबी अशीच दार लावून बोलत बसनार व्हय तू?"

मला रडू आलं. तिला दिसू नये म्हणून वैरण पुढे सारत बसले.

२६ जाने., सोम.
तिनं काय ऐकलं याचा आज दिवसभर विचार. मी आतून 'परीक्षा' ऐकत होते. बाहेरून नुसती एक मुलगी बंद खोलीत बोलतेय आणि तिला कुणी ओ देत नाहीये. दोन्ही खरंच.

तिकडे खरंच कसं असेल? संध्याकाळी खोलीवर आल्यावर? इतके दिवस मी फक्त परीक्षांची चौकशी केली. तिथल्या संध्याकाळची केलीच नाही.

२८ जाने., बुध.
माणसाची घेतली. पुण्याचं केंद्र, ७ फेब्रु. आईसाठी घेतली असं लिहिलं तर खोटं होईल. डब्यासमोर माझा आवाज एक तर शेजारणीला बुडवतो नाहीतर मला. घरची परत द्यायची तर दाराबाहेर आई परत बसणार, आणि मी ती बसलीय हे ऐकत बसणार. राहता राहिला माणूस. दगड का असेना, डोळे तर असतील.

आईला सांगितलं, या परीक्षेत समोर माणूस असतो.
"ओ देतो?"
"प्रश्न इचारतो. ओ देत न्हाय."
"मग कसला मानूस?" म्हणाली. पण विचार करत राहिली. म्हशींचं काही काढलं नाही. पहिल्यांदाच.

३ फेब्रु., मंगळ.
लॅबच्या सुट्टीत, जेवताना, घरी, सगळीकडे एकटीच इंग्रजी बोलत सुटलेय. बाबा परीक्षक होतात. मान हलवायची नाही म्हटलं की पुतळ्यासारखे बसतात आणि मग पाच वाक्यांत "वा रे वाघिनी!" म्हणून ओरडतात. शून्य उपयोग, पण मजा येते.

७ फेब्रु., शनि.
पुण्याहून परत. एसटीत लिहितेय, अक्षर लागलं तर बरं.

आई बरोबर आली. कुणी बोलावलं नव्हतं. पहाटे बघते तर नवं लुगडं नेसून तयार, पिशवीत दह्याचा डबा. केंद्राच्या फाटकापाशी रस्त्यातच उभं राहून माझ्या हातावर दही-साखर घातली. रांगेतली मुलं बघत होती. त्यातल्या एका मुलीनं हात पुढे केला, म्हणाली, काकू मला पण द्या ना. आईनं तिलाही दिलं. मग तिच्या मैत्रिणीला. डबा संपला.

परीक्षक बाई होत्या, चष्मेवाल्या, शांत. विषय निघाला, तुमच्या घरातली आवडती जागा. मी म्हशींचा गोठा सांगितला. आमची म्हैस अनोळखी माणसाला धार देत नाही, आवाज ओळखते, आईला जरा जरी सर्दी झाली तरी आधी म्हशीला कळतं, असलं काय काय. बाई हलल्या नाहीत. पण मी मधेच शब्दाला अडले तेव्हा त्या थांबल्या. पुढचा प्रश्न लगेच टाकला नाही, थांबल्या. मला तेवढं पुरलं.

बाहेर आले तर आई झाडाखाली. पहिला प्रश्न, "ओ दिली का?"
"न्हाय. पर ऐकत व्हती."
"कशावरनं?"
"थांबत व्हती."
त्यावर मान हलवली. कराड गेल्यावर विचारलं, "आयर्लंडात म्हशी हायत का?" गायी आहेत म्हटलं, भरपूर. "गायी व्हय," एवढंच. आत्ता झोपलीय, डोकं माझ्या खांद्यावर.

९ फेब्रु., सोम.
निकाल नाही. आज बघायचं नाही असं ठरवूनही मोबाईल सारखा हातात.

१० फेब्रु., मंगळ.
निकाल आजही नाही.

संध्याकाळी लवकर जेवलो. ताटं उचलल्यावर आई म्हणाली, "खोलीत जा. दार लाव." का ते सांगेना. गेले, लावलं. फोन वाजला. आईचा.

"हॅलो. जेवलीस का?"
"आई, आत्ता तूच वाढलंस की!"
"तसं न्हवं. तिकडं हायस असं धरून सांग."

गोठ्यातून बोलत होती. म्हैस हंबरली ती एकदा फोनमधून ऐकू आली, एकदा खिडकीतून. हसायला येत होतं, आणि कसंतरीही होत होतं.

"जेवलो," म्हटलं.
"काय?"
"ब्रेड. भाजी केलती."
"कुणासंगं?"

काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, "मैत्रिणी हायत दोघी."
"पोट भरलं?"
"भरलं."
"करमतंय?"
"व्हय. चांगलं करमतंय."

मी थांबले. मग म्हणाली, "खोटं बोललीस. आवाजावरनं कळतंय," आणि फोन ठेवला.

मी दाराकडे बघत बसले. आता येईल, आता येईल. आली नाही. शेवटी मीच उठून गेले. ती रेडकाला पाणी पाजत होती. मी विचारलं, "मग, मार्क किती?"

माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या परत घेतो. आज तू नीट बोलली न्हाईस."